नाल्याचे दोन काठ

प्लेगचं नाव निघालं की माझ्या वयाच्या माणसांच्या अंगावर अजून काटा येतो. माझ्याही येतो, नाही असं नाही. पण काटा बसला की मागून हुरहुर लागते, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगणार कशी? ज्या साथीत घरोघरची माणसं गेली, त्या साथीतले दिवस परत यावेत असं म्हणणारी बाई लोकांच्या लेखी एक तर वेडी, नाहीतर दगडाच्या काळजाची. मी दोन्ही नाही. मला फक्त तो नाला हवा आहे, त्याच्या काठांवर बसलेली आम्ही पोरं हवी आहेत, आणि समोरच्या काठावर उभे राहिलेले माझे आबा हवे आहेत.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे धुळ्याकडचे, तरुणपणी जळगावात येऊन कापसाच्या जिनिंगवर कामाला लागले आणि पुढे गिरणा नदीच्या वाटेवर थोडं वावर घेऊन तिथलेच झाले. बोली मात्र त्यांनी सोडली नाही. कचेरीतल्या माणसाशी बोलताना ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करीत, तेव्हा आम्हा पोरांना कोंडलेलं हसू आवरत नसे. माणूस उंच, आवाज त्याहून उंच. घरात त्यांचा शब्द पडला की विषय मिटला. माझी माय त्यांच्यापुढे बोलायची, पण ते हो-नाही एवढंच. आणि काकी तर मुळीच नाही. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. आबा तिचे जेठ, आणि आमच्याकडे जेठापुढे भावजयीनं तोंड उघडायचं नाही, हा रिवाज. आबा घरात शिरताना खाकरत, की काकी पदर पुढे ओढून भिंतीकडे वळायची. एका घरात राहून त्या दोघांनी एकमेकांचा आवाज धडपणे ऐकलेला नव्हता.

काका आदल्या वर्षीच्या प्लेगात गेले. त्यानंतर आबा आणखी मोठ्यानं बोलायला लागले आणि काकी होती त्याहून गप्प झाली. काकांचं नाव घरात कुणी काढत नसे. त्यांचा फेटा मायनं खुंटीवरून काढून पेटीत ठेवला होता, पण खुंटी होती, आणि येता-जाता सगळ्यांची नजर तिच्यावर जायची.

त्या वर्षी थंडी पडली आणि पेठेत उंदीर मरून पडायला लागले. उंदीर पडले की काय करायचं हे तोवर आम्हा पोरांनाही पाठ झालं होतं. घराची थोडी कौलं काढून आत ऊन सोडायचं, भांडीकुंडी बैलगाडीत भरायची आणि गावाबाहेर निघायचं. आमचं वावर होतं म्हणून आम्ही वावरात गेलो, आणि आमच्या शेजारीपाजारी पेठेतली निम्मी गल्ली आली. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे कूड, वर ज्वारीचा कडबा, खाली शेणानं सारवलेली जमीन. बघता बघता त्या काळ्या रानात झोपड्यांचं गावच उभं राहिलं. मधून एक कोरडा नाला जायचा. पलीकडे केळीची बाग होती आणि वारा सुटला की तिची सुकलेली पानं दिवसभर चरचरत राहायची. जिनिंगचा भोंगा बंद पडला होता. तो वाजत नाही म्हणून सकाळ झाल्याचं खरं वाटत नसे, आणि आम्ही उन्हं चांगली अंगावर येईपर्यंत गोधडीत लोळत असू.

तिथलं जेवण आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं. चुलीला पऱ्हाट्याच, आणि त्यांच्याच जाळावर भाजलेली हिरवी वांगी. माय ती लाकडी बडगीत मुसळीनं ठेचायची, त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात, वर तेलाची धार. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. गावात पुरुषांची पंगत आधी, मग आम्ही पोरं, मग बाया, आणि शेवटी कधीतरी काकी. रानात झोपडी एवढीशी, पंगत मांडणार कुठे? बाहेर उन्हात ज्याला जसं मिळेल तसं जो तो भाकरीवर भरीत घेऊन खायचा. काकीही. मी तिला इतरांबरोबर जेवताना पहिल्यांदा तिथेच पाहिलं, आणि ती बोरं दातानं फोडून बी लांब थुंकते हेही तिथेच पाहिलं. हल्ली माझ्या सुना भरीत करतात ते गॅसवर. वांगं काळं होतं खरं, पण पऱ्हाटीचा वास कुठून आणणार? मी काही बोलत नाही. त्या बिचाऱ्यांचा काय दोष.

शाळा दोन्ही बंद होत्या, मुलांची आणि मुलींची. पण मुलांच्या शाळेतले गोविंद मास्तर आमच्याच वावरात झोपडी घालून होते. नाशिककडचा तरुण माणूस, एकटा, सडपातळ, उन्हात छत्री घेऊन फिरायचा. त्यांना रिकामं बसवेना. एके दिवशी त्यांनी नाल्याकाठच्या बाभळीखाली घंटा म्हणून तांब्या वाजवला आणि दिसेल त्या पोराला बोलावलं. मुली बाजूला उभ्या राहिल्या, तर म्हणाले, "तुम्हाला काय वेगळं आमंत्रण हवं का?" झालं, आम्ही बसलो. मुलगे आणि मुली एका झाडाखाली बसल्याचं गावात कुणी खपवून घेतलं नसतं. रानात मोठ्या माणसांना त्याहून मोठी भीती होती, म्हणून आमच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मास्तरांचा एक शब्द होता: कशावरून. आम्ही काहीही म्हटलं की ते भुवया उचलून विचारायचे, "कशावरून?" मी म्हटलं, "आज थंडी जास्त आहे." "कशावरून?" चंपा म्हणाली, "माझी आई चिडलीय." "कशावरून?" चंपा माझी जिवाभावाची मैत्रीण, पेठेतल्या मारवाडी किराणेवाल्याची मुलगी, गोरीपान आणि भलती तोंडाळ. तिनंच त्यांचं नाव कशावरून मास्तर पाडलं. त्यांना ते कळलं, तर म्हणाले, "हे नाव कुणी ठेवलं? आणि चंपानं ठेवलं असं म्हणत असाल, तर कशावरून?"

तेवढ्यात बातमी आली की सरकारी डॉक्टर टांग्यातून झोपड्याझोपड्यांवर फिरत प्लेगची लस टोचतायत आणि आमच्याकडेही येणार आहेत. झालं. रानात दुसरा विषय राहिला नाही. कुणी म्हणे टोचून घेतलं की माणूस वाचतो. कुणी म्हणे टोचून घेतलं की बाईला मूल होत नाही. कुणी म्हणे शिरपूरकडे एक धडधाकट गडी टोचल्यावर तिसऱ्या दिवशी गेला. शिरपूरचा गडी सगळ्यांच्या तोंडी होता. आणि आबा तर झोपडीबाहेर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "मना घरमा कोनीच टोची लेवाव नही. सुई लई उना तं टांगाना चाक काढी लेसू!" म्हणजे, घरात कुणी टोचून घ्यायचं नाही, आणि सुई घेऊन आला तर टांग्याचं चाकच काढून घेईन.

मास्तरांनी हाच विषय घेतला. म्हणाले, टोचून घ्यावं की न घ्यावं, याचा शोध तुम्ही करायचा. मी काही सांगणार नाही. झोपड्याझोपड्यांतून हिंडा आणि विचारा. कुणी काही सांगितलं की तीन गोष्टी विचारायच्या. तुम्ही स्वतः पाहिलं का? नसेल तर कुणी सांगितलं? त्यानं स्वतः पाहिलं का? ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याच्या गोष्टीचा एक पांढरा खडा नाल्यातून उचलायचा, नुसती ऐकलेली गोष्ट असेल तर काळा. टोचावं म्हणणाऱ्या गोष्टीचा खडा अलीकडच्या काठावर ठेवायचा, टोचू नये म्हणणारीचा पलीकडच्या.

आम्ही काय हिंडलो त्या दिवसांत! ओंजळी भरून खडे, आणि पायात काटे. म्हातारे आम्हाला हाकलायचे, बाया हुरडा देऊन बसवून घ्यायच्या. काळ्या खड्यांचे दोन्ही काठांवर ढीग झाले. पांढरे थोडे. ते मिळायला वेळ लागायचा, कारण माणसाला आपण काही पाहिलेलं नाही हे कबूल करायला जड जातं. टोचून घेतलेला एक सुतार भेटला, त्यानं दंड दाखवला, म्हणाला ताप भरला, हात सुजला, पण त्याच्या आळीत उंदीर पडले तेव्हा तो आणि त्याची पोरं राहिली. पांढरा, अलीकडे. एक म्हातारी म्हणाली, तिच्या जावयानं टोचून घेतलं होतं तरी तो प्लेगानंच गेला, ती उशाशी होती. आम्हाला वाटलं मास्तर हा खडा घेणार नाहीत. त्यांनी स्वतः उचलून पलीकडे ठेवला, पांढऱ्या ढिगात, आणि म्हणाले, "आपल्याला आवडला नाही म्हणून खडा काळा होत नाही."

मग वादाचा दिवस ठरला. निम्मी पोरं या काठावर, निम्मी त्या काठावर. आज टोचण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी उद्या विरुद्ध बोलायचं. मास्तर मधे नाल्यात छत्री घेऊन उभे. आता मास्तर पडले नाशिककडचे, त्यांना काय माहीत? खानदेशातल्या पोरींना नाल्याच्या दोन काठांवर समोरासमोर उभं केलं तर त्या काय करतील? आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गौराई बोळवताना नदीच्या दोन काठांवर बाया उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. त्याला बार म्हणतात. सासूला, नणंदेला, जेठाला, ज्याला वर्षभर बोलता आलं नाही त्याला त्या दिवशी बोलून घ्यायचं, आणि बारात बोललेलं कुणी घरी नेत नाही, त्याचा राग धरत नाही. आम्हाला वाटलं मास्तरांनी बार लावलाय. त्यांनी "सुरू करा" म्हटलं मात्र, चंपा कमरेला पदर खोचून माझ्यावर ओरडली, "तुना बापनी मिशी उंदीर खाई गया!" मीही काय कमी होते? तिच्या बापाच्या पोटाचं मी जे वर्णन केलं ते आज लिहवत नाही. दोन्ही काठांवर नुसता गोंधळ. चुली सोडून बाया धावत आल्या आणि त्यांनीही दोन बाजू धरल्या. मास्तर छत्री हलवत "अहो, अहो" करत राहिले.

दुसऱ्या मास्तरांनी छड्या मारल्या असत्या. आमचे मास्तर खाली वाळूत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग आम्हाला बारची सगळी रीत विचारून घेतली. शिव्या का देतात, राग का धरत नाहीत, हरलेल्याचं काय होतं. आखाजीला हरलेल्याचं काही होत नाही, सगळ्याच जिंकतात. मास्तर म्हणाले, मग आपण एक भर घालू. ज्याला समोरच्याचं म्हणणं पटेल त्यानं नाला ओलांडून तिकडे जायचं, आणि तिकडच्यांनी त्याला गुळाचा खडा द्यायचा. ओलांडणाऱ्याला हसायचं नाही. चंपाच्या बापानं गुळाची ढेप दिली. त्या ढेपेपायी पहिल्या दिवशी काही पोरं नाल्यातून सारखी इकडून तिकडे पळत होती, ती गोष्ट वेगळी.

शिव्या हळूहळू कमी झाल्या आणि खडे बोलू लागले. रोज दुपारी ऊन कललं की मोठी माणसंही येऊन काठावर बसायची. आणि मला बोलायला यायला लागलं. हे कसं सांगू? घरात मी बोलले की "पोट्टी, गप ऱ्हाय." तिथे मी बोलले की समोरचा काठ गप्प होऊन ऐकायचा, मग उत्तर द्यायचा. माझ्या शब्दाला कुणीतरी उत्तर शोधतंय, हे सुख मला तोवर माहीत नव्हतं. पुढे मला संसारात पुष्कळ सुखं मिळाली, मी कृतघ्न नाही. पण ते पुन्हा मिळालं नाही.

राहिला होता शिरपूरचा गडी. त्याचा माग चंपा आणि मी काढत होतो. अमक्यानं सांगितलं तमक्यानं, तमक्याला बाजारात कळलं, बाजारात कुणाकडून, तर जिनिंगवरच्या गड्याकडून. तो गडी आमच्याच रानात होता. त्याला गाठलं, तर तो माझ्याकडे बघून ओशाळला. म्हणाला, "शिरपूरना कोनी नही व मायबाई. तुना काकाच व्हता तो. तुना आबानीच सांगं माले. लोकेस्नी शिरपूर करी टाकं."

मी तडक घरी आले. झोपडीमागे काकी बाजरी पाखडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "काकी, काकांना टोचायला कुणी नेलं होतं?" सुपाचा आवाज थांबला. तिनं हळूच सांगितलं, आबांनी नेलं होतं. काका नको म्हणत होते, आबांनी हात धरून नेलं. मग मी मास्तरांचं पहिलं विचारलं, तू स्वतः काय पाहिलंस? काकी सुपातली बाजरी बोटानं इकडेतिकडे करत म्हणाली, "त्यास्ले आदला दिनपासून ताप व्हता, भागू. जांघमा गाठ बी उनी व्हती. मी देखी. त्यास्नी सांगं, कोनले बोलू नको, सरकारनी मानसं दवाखानामा धरी लई जातीन." आणि माझा हात घट्ट धरला. "तुना आबास्ले सांगू नको. माले या घरमाईन काढी देतीन."

तेव्हा मला कळलं की आमच्या घरात दोन माणसं एकाच मरणाचं ओझं वेगवेगळं वाहत होती. आबांना वाटत होतं, आपण भावाला हातानं धरून मारलं. काकीला वाटत होतं, आपण बोललो असतो तर. आणि रिवाजामुळे दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलू शकत नव्हती. मी काकीला शब्द दिला. पांढरा खडा मी उचलला, पण कुठल्याच काठावर ठेवला नाही, परकराच्या ओच्यात ठेवला.

टांगा यायच्या आदल्या दुपारी शेवटचा वाद होता. त्या दिवशी माझा काठ टोचण्याच्या बाजूचा. रानाच्या त्या टोकाच्या झोपडीत सकाळीच एक बाई तापानं फणफणली होती, आणि लोक काठावर आले होते ते गंमत बघायला नव्हे. आबाही आले. ते पोरांच्या मागे बसले नाहीत, समोरच्या काठावर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, माले बोलनं शे." मास्तरांनी छत्री मिटली.

आबा म्हणाले, "मीच मना भाऊले हात धरीसन लई गयतू. धडधाकट गडी. सुई टोची आनि मरी गया. हाऊ मना डोयानं देखेल शे. आते तुमना पांढरा खडा दाखाडा माले!" त्यांचा आवाज फुटला. त्यांचा आवाज फुटलेला मी पहिल्यांदा ऐकला. केळीची पानं तेवढी वाजत होती. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण आमच्या काठावरून बोलायची पाळी माझी होती.

मी म्हटलं, "आबा, धडधाकट होते कशावरून?"

बापाला असं विचारायचं! मायनं तोंडाला पदर लावला. आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते रागावले नाहीत. खरंच नाहीत. ते विचार करत होते. समोरचा काठ उत्तर शोधतो तसे माझे आबा उत्तर शोधत होते. मग म्हणाले, "तो सोता बोलना. माले काय व्हयेल नही, म्हने."

मला पुढचं माहीत होतं, आणि शब्द दिलेला होता. ओच्यातला खडा मी इतका आवळला की तळव्याला खूण उमटली. मास्तर माझ्याकडे बघत राहिले, पण त्यांनी मला टोकलं नाही.

तेव्हा माझ्या मागून आवाज आला, "ताप व्हता."

आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. काकी बायांच्या घोळक्यातून पुढे आली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, चेहरा दिसत नव्हता. ती काठाच्या अगदी टोकाशी येऊन उभी राहिली आणि समोर जेठ उभे असताना, सगळ्या रानादेखत बोलली. "हाई बार शे," ती म्हणाली. "बारमा बोलेल कोनी घर लई जात नही. म्हनीसन बोलस. त्यास्ले आदला दिनपासून ताप व्हता. गाठ व्हती. मी डोयानं देखी. सुई नंतर टोची. तुम्ही मारं नही त्यास्ले. माले भ्याव वाटना, माले बोलता नही उनं. तुम्ही मारं नही."

ती तिथेच खाली बसली. माय धावली. मी समोर बघत होते. आबा उभे होते तसेच उभे. मग त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, काखेत धरलं, आणि काठावरून खाली नाल्यात उतरले. वाळूतून चालताना त्यांचा तोल जात होता. मास्तरांनी हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. आमच्या काठाची चढण चढून ते वर आले, काकीपासून लांब, रिवाजाच्या अंतरावर थांबले, आणि माझ्यापुढे हात पसरला. चंपा विरुद्ध काठावर होती, तिकडून ती ओरडली, "गूळ दे ना व त्यास्ले!" मी गुळाचा खडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. माझ्या आबांनी तो तोंडात टाकला आणि लहान पोरासारखे रडले. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी टांगा आला तेव्हा रांगेत पहिले आबा होते, मागे माय, मी, आणि शेवटी काकी. मास्तरही बाही वर करून उभे. चंपा म्हणाली, "म्हणजे तुम्ही पहिल्यापासून टोचण्याच्याच बाजूचे!" मास्तर म्हणाले, "छे. गेल्या वर्षी मी घेतली नव्हती. घाबरलो होतो. यंदा तुमचे खडे पाहून लस घेतोय." आम्हाला सगळ्यांना ताप आला, हात सुजले, आणि आम्ही उन्हात ओळीनं पडून एकमेकांचे दंड बघत राहिलो. त्या टोकाच्या झोपडीतली बाई गेली. आणखीही काही गेले. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. ते टोचल्यामुळे की नशिबानं, हे मला एवढ्या एका घरावरून सांगता येणार नाही. मास्तरांनी ऐकलं तर भुवया उचलतील.

बारचा नियम आबांनी पाळला. काकीला ते त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत, आणि तिला कुणी घरातून काढलं नाही. ती शेवटपर्यंत आमच्याकडेच होती. फाल्गुन सरता सरता ऊन तापलं, साथ ओसरली, आम्ही कौलं घातली आणि परत पेठेत राहायला गेलो. पहिल्याच सकाळी जिनिंगचा भोंगा वाजला. पंगत पुन्हा तशीच बसू लागली, काकी पुन्हा शेवटी. खुंटीवर मात्र काकांचा फेटा परत आला. मास्तरांची त्याच उन्हाळ्यात बदली झाली. जाताना ते भेटायला आले होते म्हणे, पण पुरुषमाणसं ओसरीवर बसलेली, मला बाहेर कोण येऊ देणार? दाराआडून फक्त छत्री दिसली.

आणि आखाजी होऊन गेली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. स्थळ धुळ्याचं, आबांच्या ओळखीतलं. मी माजघराच्या उंबऱ्यात उभी राहिले आणि सगळा धीर गोळा करून विचारलं, "आबा, ते घर चांगलं कशावरून?" ते पान लावत होते. त्यांचा हात थांबला. क्षणभर मला वाटलं, समोरचा काठ उत्तर शोधतोय. मग ते माझ्याकडे न बघता, त्यांच्या आवाजापेक्षा किती तरी खालच्या आवाजात म्हणाले, "या नालाले दुसरा काठ नही शे, बेटा."

घर खरोखरच चांगलं निघालं. माणसं वाईट नव्हती, मला कुणी छळलं नाही, पोटभर खायला घातलं. फक्त मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही विचारायचं सोडून दिलं. तरी कधी दुपारी, सगळी निजली की, मला ती चरचरणारी केळीची पानं ऐकू यायची आणि कुठेतरी तांब्या वाजतोय असं वाटायचं. इतक्या वर्षांत ते थांबलेलं नाही.

पाठवणीच्या दिवशी गाडी जुंपली, तेव्हा बाया रडत होत्या, चंपा रडत होती, काकी भिंतीकडे तोंड करून रडत होती, कारण आबा जवळ उभे होते. आबा रडले नाहीत. ते गाडीच्या चाकाजवळ आले, माझा हात ओढून उघडला आणि तळव्यावर गुळाचा खडा ठेवला. ओलांडून जाणाऱ्याला आपण देत होतो तसा. पण तो तर पलीकडच्यांनी द्यायचा असतो, आबा, तुम्ही अलीकडचे. आणि मला काही पटलं म्हणून मी चालले नव्हते. हे मी त्यांना म्हणणार होते, तेवढ्यात बैल निघाले. मी तो खडा खाल्ला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला, आणि धुळ्याला पोचेपर्यंत त्याला मुंग्या लागल्या होत्या.